माल्टाचा सातबारा: मालक बदलत गेले, पण कूळ कोणते?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. माझा पुतण्या गेल्या वर्षापासून माल्टा देशात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. मागच्या रविवारी फोनवर त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो ज्या घरात भाड्याने राहतो, तेथील वृद्ध घरमालकीण रोज पहाटे चर्चला जाते, तिच्या खोलीत मेरीमातेची तसबीर आहे, आणि देवाचे नाव घेताना ती 'अल्ला' म्हणते. आपल्याच ऐकण्यात चूक झाली असावी असे त्याला वाटले. पुढे चर्चमधील प्रार्थनेतही त्याने तोच शब्द ऐकला. विचारल्यावर आजीबाई हसून म्हणाल्या, मग देवाला दुसरे काय म्हणायचे?

त्या दिवसापासून मी या बेटांविषयी मिळेल ते वाचतो आहे. माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो ही बेटे मिळून जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर भरतात. आपला एखादा मध्यम तालुकाही त्याहून मोठा निघेल. बारमाही नदी नाही, जंगल नाही, जमिनीत सोनेचांदी नाही. आहे तो चुनखडीचा दगड. असे असूनही फिनिशियन, कार्थेजवाले, रोमन, बायझंटाइन, अरब, नॉर्मन, आरागॉनचे राजे, सेंट जॉनचे नाइट (ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाचे सरदार), फ्रेंच आणि शेवटी इंग्रज अशी धन्यांची रांग तेथे लागलेली दिसते. मी तीस वर्षे एका जिनिंग कारखान्याच्या दप्तरात हिशेब लिहिले, इतिहासाचे रीतसर शिक्षण माझे नाही, म्हणून असेल कदाचित, पण ही सारी यादी मला फेरफाराच्या नोंदींसारखी वाटते. मालकाचा रकाना दर पानावर भरलेला आहे. जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाचे नाव मात्र कुठेच सापडत नाही.

तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. ख्रिस्ती माणसे देवाला अल्ला कशी म्हणू लागली? आणि एवढ्याशा खडकासाठी इतक्या जणांनी इतका जीव का टाकला, व त्या काळात तेथील साधी माणसे काय करत होती?

अनेरतीर (धुळे)

काका, आपल्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचे अर्धे उत्तर आहे. माल्टात कुळाचे नाव सातबाऱ्यावर नाही, ते भाषेत नोंदलेले आहे.

इ.स. ८७० मध्ये उत्तर आफ्रिकेतील अघलबी राजवटीच्या फौजांनी ही बेटे बायझंटाइन साम्राज्याकडून जिंकली. त्यानंतर काय घडले याविषयी अभ्यासकांत वाद आहे. अल-हिमयारी या अरब लेखकाच्या म्हणण्यानुसार बेट त्यानंतर ओसाड पडले आणि १०४८-४९ च्या सुमारास मुसलमान वसाहतकरी आपल्या गुलामांसह येऊन तेथे नव्याने राहू लागले. इम्दिना या जुन्या राजधानीत सापडलेल्या अवशेषांवरून वस्ती पूर्णपणे तुटली नसावी असेही मत मांडले जाते. वस्ती तुटली असो वा नसो, आज तेथे बोलली जाणारी भाषा ही सिसिली व ट्युनिशियाकडच्या त्या काळच्या बोली अरबीची लेक आहे, याविषयी भाषाशास्त्रात आता शंका उरलेली नाही. 'इम्दिना' म्हणजे मदिना, तटबंदीचे शहर. त्याला लागून असलेल्या गावाचे नाव 'रबात', म्हणजे तटाबाहेरची वस्ती.

१०९१ मध्ये सिसिलीचा नॉर्मन सरदार पहिला रॉजर याने माल्टा घेतले. शाळकरी पुस्तकी समजुतीप्रमाणे त्या दिवशी इस्लाम संपला आणि ख्रिस्ती धर्म आला. वस्तुतः मुसलमान प्रजा नॉर्मन राजाला खंडणी देऊन पुढेही दीडशे वर्षांच्या आसपास तेथेच नांदत होती. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या काळात सिसिलीच्या राज्यातील मुसलमानांवर हद्दपारी आली, आणि जे मागे राहिले ते ख्रिस्ती होऊन राहिले. धर्म बदलला, राजा बदलला, पण चुलीपाशी आणि शेतात बोलायची भाषा कोणी कोणाच्या हुकमाने बदलत नाही. म्हणून ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासाला माल्टी भाषेत आजही 'रन्दान' म्हणतात, जो उघडच 'रमजान' आहे, आणि ईस्टरच्या सणाला 'ईद' म्हणतात. त्या आजीबाईंच्या तोंडचा 'अल्ला' याच घरातला.

आणखी एक गंमत सांगते. माल्टी भाषेत जगाला 'दिन्या', राज्याला 'सल्तना', पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात. आपली दुनिया, सल्तनत आणि किताब फारसीच्या वाटेने बुऱ्हाणपूर-दौलताबादेकडून मराठीत आली, त्यांची समुद्राच्या वाटेने. 'सिएहेब' हा त्यांचा शब्द तर आपल्या 'साहेब' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. फरक एवढाच की मूळ अरबीत त्याचा अर्थ सोबती असा असून माल्टात तो सोबती-भागीदारच राहिला, आणि आपल्याकडे येऊन तो खुर्चीवर बसला.

शब्दसंग्रह मोजला तर निम्म्याहून अधिक शब्द सिसिलियन-इटालियन आहेत आणि अरबी मुळाचे सुमारे एक तृतीयांश. परंतु हात, पाणी, भाकर, घर, आई हे शब्द आणि क्रियापदे चालवण्याची रीत अरबी आहे. दरबार, चर्चची व्यवस्था, बांधकाम, कायदा यांचे शब्द इटालियन आहेत. मालक कोण आणि कूळ कोण हे एवढ्यावरूनही ओळखता यावे.

या भाषेला लिखित मान मिळायला फार वेळ लागला. तिच्यातील सर्वात जुनी ज्ञात कविता पंधराव्या शतकातली असून ती एका नोटरीच्या दप्तरात लिहिलेली होती आणि १९६६ मध्ये अभ्यासकांच्या हाती लागली. मिकिएल आंतोन वस्साली यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा शब्दकोश व व्याकरण केले. तरीही न्यायालय व शिक्षित वर्ग इटालियन वापरत राहिला, इंग्रज राज्यकर्ते इंग्रजी पुढे करत राहिले, आणि या दोघांच्या भांडणात १९३४ मध्ये इटालियन मागे हटून माल्टी ही इंग्रजीबरोबर राजभाषा झाली. मधल्या काळात 'आमची भाषा अरबी नव्हे, ती थेट फिनिशियन लोकांची आहे' असा सिद्धांत तेथे फार लोकप्रिय होता. अरबांशी नाते सांगणे अनेकांना नको होते, आणि प्राचीन व्यापाऱ्यांचे वंशज होणे सोयीचे होते. अशा वंशावळी आपल्याकडेही कमी नाहीत.

गंमत अशी की फिनिशियन लिपीचे कोडे सुटले ते मात्र माल्टामुळेच. संगमरवराचे दोन जुने स्तंभ तेथे मिळाले, ज्यांवर एकच मजकूर फिनिशियन व ग्रीक अशा दोन भाषांत कोरलेला होता. त्यांच्या आधारे बार्थेलेमी या फ्रेंच विद्वानाने १७५८ मध्ये फिनिशियन अक्षरे वाचली. एक स्तंभ पुढे नाइटांच्या प्रमुखाने फ्रान्सच्या राजाला भेट दिला, तो आज लूव्हर संग्रहालयात आहे. दुसरा व्हॅलेटा या आजच्या राजधानीतील पुरातत्त्व संग्रहालयात. म्हणजे भेट देणाराही मालकच.

२००४ पासून माल्टी ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, आणि तो देश आहे पाच लाखांच्या थोड्या वर लोकांचा. आपल्या जनगणनेत २०११ साली 'खानदेशी' या नोंदीखाली अठरा लाखांवर माणसे मोजली गेली. ग्रियर्सन या इंग्रजी अमदानीतील भाषाभ्यासकाने आपल्या भाषा-सर्वेक्षणात तिला मराठीपासून वेगळी काढून भिल्ल भाषांच्या खंडात ठेवले होते. त्याचे वर्गीकरण मान्य करा वा करू नका, पण आपल्या घरी अहिराणी बोलून बाहेर ती लपवणाऱ्यांनी माल्टाकडे एकदा पाहावे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, मनःपूर्वक आभार. 'साहेब' वाचून मोठ्याने हसलो आणि घरच्यांना वाचून दाखवले. पुतण्याला हॉटेलातील मुख्य आचाऱ्याला साहेब म्हणायची सवय आहे. आता तो खरेच सोबती म्हणतो आहे असे समजायला हरकत नाही.

सातपुडा पायथा (यावल)

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर, पूर्व आणि पश्चिम भूमध्य जेथे एकमेकांना भेटतात त्या अरुंद भागात ही बेटे आहेत, आणि मुख्य बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर खोल, वाऱ्यापासून सुरक्षित आणि फाटे फुटलेले असे एक नैसर्गिक बंदर आहे. धन्यांना हवे होते ते हे बंदर. उरलेला खडक त्याच्यासोबत आला, आणि त्या खडकावरची माणसेही. बहुतेक इतिहास बंदराचा लिहिला गेला, म्हणून आपल्याला कूळ दिसत नाही.

१५२२ मध्ये ऑस्मानी तुर्कांनी सेंट जॉनच्या नाइटांना ऱ्होड्स बेटावरून घालवले. त्यांना ठाणे हवे होते, आणि सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा देऊ केले. घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी नाइटांनी १५२४ मध्ये पाहणी करायला माणसे पाठवली. त्यांचा अहवाल वाचण्यासारखा आहे: बेट म्हणजे मऊ दगडाचा खडक, वाहते पाणी नाही, वस्ती माल्टावर सुमारे १२,००० आणि गोझोवर ५,०००, आणि लाकूड इतके दुर्मीळ की ते वजनावर विकतात व लोक उन्हात वाळवलेल्या शेणावर किंवा काटेरी झुडपांवर स्वयंपाक करतात. युरोपातील उमरावांना गोवऱ्यांचे नवल वाटले, यात नवल नाही. १५३० मध्ये नाइटांनी नाइलाजाने बेटे घेतली. वार्षिक खंड ठरला एक बहिरी ससाणा. इम्दिनातील स्थानिक सरदार घराण्यांनी आपला मुलूख पुन्हा कोणालाही आंदण देणार नाही असे जुन्या राजांकडून पैसे मोजून लिहून घेतले होते. ते वचन कोणाला आठवले नाही.

यानंतर सर्वत्र १५६५ चा मोठा वेढा सांगितला जातो. मी मुद्दाम १५५१ सांगतो. त्या वर्षी जुलैत तुर्गुत आणि सिनान पाशा या ऑस्मानी सरदारांच्या आरमाराने माल्टावर हात टाकून पाहिला, तेथे जमले नाही म्हणून ते गोझोकडे वळले. तेथील गढी तोफांपुढे फार दिवस टिकली नाही, आणि जवळजवळ सारी वस्ती, सुमारे ५,००० माणसे, गुलाम म्हणून जहाजांत भरून नेली गेली. एका बेटाची माणसेच उचलून नेली. पुढे माल्टा व सिसिलीतून माणसे आणून गोझो हळूहळू पुन्हा वसवावे लागले, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथील लोकांना रात्री गढीत येऊन झोपण्याचा नियम होता. दिवसा शेत, रात्री तट. आपल्याकडे पेंढारी आणि भिल्लांच्या धाडींच्या काळात गावगढीचा जो उपयोग होता तो ज्यांनी आजोबांकडून ऐकला असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१५६५ च्या वेढ्याविषयी थोडक्यात. त्या वर्षी जानेवारीत आपल्याकडे तालिकोटच्या रणात विजयनगर कोसळले, आणि मे महिन्यात तीस-चाळीस हजारांची तुर्की फौज माल्टाला उतरली. सेंट एल्मोचा लहान किल्ला २३ जूनला पडला, पण त्याने जवळजवळ महिना खाल्ला आणि तुर्गुत तेथेच जखमी होऊन मेला. सप्टेंबरच्या आरंभी सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. नाइटांचा प्रमुख ला व्हॅलेट याचे नाव पुढच्या वर्षी पायाभरणी झालेल्या नव्या राजधानीला मिळाले. नाइट होते पाच-सहाशे. तटावर उभे राहिलेल्यांत सर्वाधिक होते ते माल्टी शेतकरी आणि कोळी. व्हॅलेटाला त्यांच्यापैकी कोणाचे नाव नाही.

हा लढा एकीकडे पुण्य आणि दुसरीकडे पाप अशा पद्धतीने सांगणाऱ्यांनी एक आठवावे. नाइट स्वतः परवाना घेऊन चाचेगिरी करत आणि मुसलमान जहाजांवरील माणसे पकडून आणून व्हॅलेटात विकत. गोझोची माणसे ज्या बाजारात गेली तसाच बाजार इकडेही भरत होता. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या वाटेवर सहा दिवस तेथे थांबला, तेव्हा त्याने सुमारे दोन हजार मुसलमान गुलामांना मुक्त केले.

नेपोलियनच्या सैन्याने चर्चमधील सोनेचांदी काढायला सुरुवात केल्यावर मात्र सप्टेंबर १७९८ मध्ये लोक उठले, आणि त्यांनी फ्रेंचांना दोन वर्षे व्हॅलेटाच्या तटाआड कोंडून ठेवले. या वेळी कूळ प्रथमच स्वतःच्या नावाने बोलले. इंग्रज आरमाराला मदतीला बोलावले गेले, १८०० मध्ये फ्रेंच शरण गेले, आणि १८०२ मध्ये बेटे पुन्हा नाइटांना परत देण्याची बोलणी चालू असताना माल्टी पुढाऱ्यांनी एक जाहीरनामा काढला: इंग्लंडच्या राजाला ही बेटे दुसऱ्या कोणाला देण्याचा अधिकार नाही, त्याला नको असतील तर दुसरा धनी निवडण्याचा किंवा स्वतः राज्य करण्याचा हक्क येथील रहिवाशांचा आहे. आमच्या पश्चात आमचा व्यवहार करू नका, हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिणाऱ्या प्रजा त्या काळी थोड्याच होत्या. इंग्रजांनी बेटे नाइटांना दिली नाहीत. स्वतःकडेच ठेवली, ती १९६४ पर्यंत.

पाण्याविषयी एक जोड राहिली. इम्दिनाजवळच्या झऱ्यांचे पाणी व्हॅलेटापर्यंत नेणारी सुमारे १६ किलोमीटरची पन्हळ नाइटांनी १६१० मध्ये सुरू करून १६१५ मध्ये पुरी केली. आपल्या खानदेशाची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर येथे सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा अब्दुर्रहीम खानखानाने बांधवला तोही १६१५ च्या सुमारासच. दोन्हीकडे शहराला पाणी मिळाले. खेडी आपापल्या टाक्यांवर आणि विहिरींवर राहिली.

गोमाई (शहादा)

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे माझी भर शेळीपुरतीच. ज्याला आम्ही ब्रुसेलोसिस म्हणतो आणि ज्यामुळे गोठ्यात गर्भपात होतात, त्याचे माणसातील जुने नाव 'माल्टा ताप' आहे. तेथील इंग्रज सैनिक महिनोन्महिने चढउतार करणाऱ्या तापाने पडून राहत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू वेगळा केला, पण तो येतो कोठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टी डॉक्टरने दाखवले की दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या रक्तात तो आहे, आणि मग तो दुधातही सापडला. तेव्हा गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. सैनिकांचे शेळीचे दूध बंद केल्याबरोबर छावणीतील ताप झपाट्याने उतरला. गावकरी मात्र तेच दूध पीत राहिले आणि दूध तापवून निर्जंतुक करण्याची व्यवस्था तेथे १९३८ मध्ये सुरू झाली. शोध माल्टी माणसाचा, सुटका आधी छावणीची.

हेच झामिट पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. १९०२ मध्ये नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना मजुरांना खडकात कोरलेले तीन मजली भुयार लागले. हाल सफ्लिएनीचे हायपोजियम ते हेच. मजुरांनी आधी ते लपवले, आणि दगडमाती आत टाकली, कारण काम थांबले तर रोज बुडेल. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष तेथे असावेत असा अंदाज झामिट यांच्या उत्खननातून निघाला. गोझोवरील जिगान्तियाची दगडी मंदिरे इ.स.पू. ३६०० च्या सुमारास उभी राहू लागली, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपूर्वी हजारभर वर्षे. ती बांधणारे लोक शेतकरी होते आणि शेळ्यामेंढ्या पाळत होते. कोणी राजा होता असे दिसत नाही. काकांच्या नोंदवहीतील पहिले पान मालकाशिवायचे आहे.

तापीतट (भुसावळ)

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक नम्र हरकत. प्रत्येक ठिकाणी खानदेशाशी दुवा जोडण्याची आवश्यकता आहे का? कुंडी भंडारा आणि ती पन्हळ एकाच वर्षीची, हा निव्वळ योगायोग आहे.

खरा दुवाच हवा असेल तर तो १८७८ चा. रशिया व तुर्कस्तान यांच्या युद्धानंतर रशियाला धाक घालण्यासाठी इंग्रज सरकारने मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी शिपाई माल्टाला नेले. युरोपच्या राजकारणासाठी हिंदी फौज अशा रीतीने तिकडे नेण्याची ती पहिलीच वेळ, आणि पार्लमेंटला न विचारता हे केले म्हणून लंडनमध्ये मोठा गदारोळ झाला. लढाई झाली नाही. काही आठवड्यांनी त्या पलटणी सायप्रसकडे हलवण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेक, एप्रिल १९४२ मध्ये बेटाला मिळालेले जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक आणि ऑगस्टमध्ये चौदांपैकी पाचच मालवाहू जहाजे पोहोचलेला तो ताफा यांविषयी सर्वत्र वाचायला मिळते, म्हणून लिहीत नाही.

सातपुडा पायथा (यावल)

हरकत मान्य, योगायोग तो योगायोग. पण मग काकांच्या धंद्यातला दुवा सांगतो, जो योगायोग नाही. अठराव्या शतकात माल्टाचे मुख्य पीक कापूस होते.

कपाशी तेथे अरबांच्या काळापासूनची मानली जाते. घरोघरी बायका सूत काढत, आणि ते सूत जहाजांनी मुख्यतः स्पेनला, बार्सिलोनाच्या विणकरांकडे जाई. कातणाऱ्यांचा रोजगार टिकावा म्हणून नाइटांच्या सरकारने कच्चा कापूस बाहेर नेण्यास बंदी घातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनची बाजारपेठ बंद झाली, यंत्राचे सूत आणि इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस आला, आणि माल्टी माणसे अल्जीरिया-ट्युनिशियाकडे पोट भरायला जाऊ लागली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे भाव चढले तेव्हा तेथे थोडी उभारी आली आणि युद्ध संपताच ती ओसरली. उरलेल्यांना काम मिळाले ते इंग्रजांच्या गोदीत.

बोरीकाठ (अमळनेर)

सर, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. यादवीच्या त्या चार वर्षांत आपल्या जिल्ह्यात काय झाले हे मला माझ्या धंद्यातील जुन्या माणसांकडून ऐकून ठाऊक आहे. ज्वारी मोडून कपाशी पेरली, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, आणि १८६५ मध्ये मुंबईचा बाजार बसल्यावर सावकाराची वही जाड झाली.

एका गोष्टीने मात्र मी थबकलो. कच्चा कापूस बाहेर नेऊ नये हा नियम. मी आयुष्यभर उलट वाटेचे हिशेब लिहिले. कपाशी आली, रेचून सरकी वेगळी झाली, रुईची गाठ दाबून वॅगनमध्ये गेली, आणि गाठ एकदा फाटकाबाहेर पडली की पुढे सूत, कापड, रंग, शिलाई या सगळ्याचा पैसा कोणाच्या वहीत जमा झाला हे आमच्या दप्तराला कधी कळले नाही. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाल्यावर खानदेशच्या गाठी लिव्हरपूलला जाताना माल्टाच्या जवळूनच गेल्या असणार; आणि तेथे कोळशाची गोदी होती, म्हणजे ज्यांचे चरखे बंद पडले त्यांच्यातलीच माणसे त्या जहाजांत कोळसा भरत असणार. नाइट लोक चाचे होते, गुलाम विकत होते, हे वर वाचले आणि ते विसरत नाही. तरीही त्यांनी सूतच बाहेर जाईल, रुई जाणार नाही, एवढे पाहिले. ते पुण्य म्हणून केले नसेल. कातणारी बाई उपाशी राहिली तर कर कोण देणार, एवढा साधा हिशेब असेल. पण तो हिशेब आपल्याकडे कोणी मांडला नाही.

तापीतट भाऊंची हरकत मला पटते, तरी हा दुवा मी सोडणार नाही.

आता एक व्यावहारिक विनंती. पुतण्याला पुढच्या महिन्यात दोन दिवस सुटी आहे. नाइटांचे राजवाडे त्याने पाहिले आहेत. कुळाच्या खुणा पाहायच्या तर त्याने कोठे जावे?

अनेरतीर (धुळे)

काका, पहिल्या दिवशी होडीने गोझोला जाऊन जिगान्तियाची मंदिरे आणि ती गढी पाहावी. ज्या तटाआड लोक रात्री झोपायला येत तो तट अजून उभा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅलेटाच्या संग्रहालयातील दोन भाषांचा स्तंभ. हायपोजियममध्ये आतल्या दगडाला जपण्यासाठी तासाला दहाच माणसांना सोडतात आणि तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून ते आजच काढायला सांगावे. आणि घरमालकीण आजीबाईंना त्याने सुताविषयी जरूर विचारावे. त्यांच्या आजीच्या घरात चरखा होता का, एवढेच.

बोरीकाठ (अमळनेर)

तिकिटाचा निरोप धाडला आहे. चरख्याचे मी स्वतःच रविवारी विचारतो. आजीबाई फोनवर बोलायला तयार आहेत, मध्ये दुभाषा पुतण्या.